व्याकरण शुद्ध, तरी काम चुकतं: इंग्रजी सूचनांमधला नेहमीचा बिघाड कसा शोधायचा

कामाच्या जागेवरच्या लेखी सूचना दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. यंत्र कसं चालू करायचं, बॅकअप कसा घ्यायचा, साठा कसा मोजायचा, पाळी बदलताना काय काय सांगून जायचं. कागद वेगवेगळे, बिघाड मात्र बहुतेक वेळा तोच. सूचना इंग्रजीत असते, पण लिहिणाऱ्याची मातृभाषा इंग्रजी नसते आणि वाचणाऱ्याचीही नसते. कुठे काही चुकलं की लिहिणारा म्हणतो, "माझं ग्रामर कच्चं आहे हो," आणि 'ए', 'ॲन', 'द' तपासायला बसतो. घोळ तिथे क्वचितच सापडतो. 'द' राहून गेला म्हणून कोणी चुकीचं बटण दाबल्याचं मी तरी फारसं पाहिलेलं नाही. काम बिघडतं ते व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष, पण दोन अर्थ निघणाऱ्या वाक्यांमुळे. म्हणून खालचा क्रम व्याकरणाच्या पुस्तकाचा नाही. कमी वेळात होणारं आधी, माणसं अडकवून करावं लागणारं शेवटी.

लक्षणं

- एकाच ओळीबद्दल वेगवेगळ्या माणसांचे फोन येतात.
- दोन पाळ्या एकच काम दोन तऱ्हांनी करतात आणि वाद झाला की दोघेही त्याच कागदावरच्या त्याच वाक्यावर बोट ठेवतात.
- नवा माणूस कागद भिंतीवर असूनही शेजाऱ्याला विचारतो.
- मूळ वाक्य तसंच ठेवून खाली 'नोट', त्याखाली 'इम्पॉर्टंट नोट' आणि सगळ्यात खाली लाल ठळक अक्षरांत 'प्लीज रीड केअरफुली'.
- छापील प्रतीवर पेनानं केलेल्या खुणा: बाण, खोडलेला 'शुड', समासात 'आधी हे'.

शेवटचं लक्षण सगळ्यात मोलाचं. ती मळकी प्रत फेकू नका. नेमका दोष कुठे आहे ते काम करणाऱ्यानं फुकटात दाखवून दिलेलं असतं. आणि एकच माणूस पुन्हा पुन्हा चुकत असेल, बाकीच्यांना अडचण नसेल, तर तो प्रश्न प्रशिक्षणाचा. भाषेच्या मागे लागू नका.

आधी प्रत तीच आहे ना, ते पाहा

पाच मिनिटांचं काम, पण ते न करताच लोक वाक्यं घासायला बसतात. भिंतीवरच्या कागदाचा आवृत्ती क्रमांक आणि तुमच्या फाइलवरचा क्रमांक जुळतो का? क्रमांकच नसेल तर आज टाका. जुनी प्रत लटकत असेल तर तुम्ही नवी कितीही सुधारा, लक्षणं जाणार नाहीत.

स्पेलिंग चेकर ज्यांना सोडून देतो ते शब्द

'डू नॉट ओपन' लिहिताना शेवटच्या 'टी'च्या जागी 'डब्ल्यू' पडला की 'डू नाऊ ओपन' होतं. उघडू नका, याचं आत्ता उघडा झालं. 'नॉट' आणि 'नाऊ' दोन्ही खरे शब्द असल्यामुळे लाल रेघ येईलच असं नाही. तसंच 'फॉर्म' आणि 'फ्रॉम', दोन 'ओ'चा ढिला 'लूस' आणि एका 'ओ'चा हरवणारा 'लूझ', गाडी थांबवणारा ब्रेक आणि वस्तू तोडणारा ब्रेक. फाइलमध्ये 'नॉट' आणि 'नाऊ' शोधा आणि प्रत्येक ठिकाणी वाक्य मोठ्यानं वाचा. मनात वाचताना डोळा अपेक्षित शब्द वाचून मोकळा होतो. तोंडानं वाचताना ते जरा अवघड जातं.

नावानिशी शोधायचे काही शब्द

इथे थोडा वेळ काढा, कारण निम्मे दोष इथेच सापडतात. फाइंडच्या चौकटीत एकेक शब्द टाकत चला.

'शुड'. ऑफिसात हा शब्द अदबीनं लिहिला जातो. 'मस्ट' उद्धट वाटतो ना, म्हणून. पण मानकं लिहिणाऱ्यांनी या शब्दांची वाटणी केव्हाच करून टाकली आहे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या मानकांत 'शॅल' म्हणजे करायलाच हवं, 'शुड' म्हणजे शिफारस, 'मे' म्हणजे मुभा, 'कॅन' म्हणजे शक्यता. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्यांनी 1997मध्ये आरएफसी 2119 या छोट्याशा दस्तऐवजात 'मस्ट', 'शुड', 'मे' यांचे अर्थ बांधून दिले. तरी गोंधळ राहिलाच, म्हणून 2017मध्ये आरएफसी 8174 काढून सांगावं लागलं, की हे बांधीव अर्थ फक्त कॅपिटल अक्षरांतल्या शब्दांना लागू. भाषा ज्यांच्या हातात रोज असते त्यांची ही गत, तर तुमच्या 'द गार्ड शुड बी क्लोज्ड'चा (गार्ड म्हणजे यंत्राचं संरक्षक झाकण) अर्थ पाळीतल्या दहा जणांनी एकच घ्यावा ही अपेक्षा जास्तच आहे. सक्ती असेल तर 'मस्ट' लिहा, नाहीतर सरळ आज्ञार्थ: 'क्लोज द गार्ड'. सूचनेतला आज्ञार्थ कुणाला उद्धट वाटत नाही. ओळीओळीला 'प्लीज' लावण्याचीही गरज नाही. त्यानं सक्तीचं काम विनंतीत जमा होतं.

'मे'. 'व्हिजिटर्स मे नॉट एंटर' म्हणजे आत यायला परवानगी नाही, की कदाचित ते आत येणार नाहीत? परवानगी नसेल तर 'मस्ट नॉट', शक्यता असेल तर 'माइट नॉट'.

'रिप्लेस'. माझा सगळ्यात नावडता शब्द. 'रिमूव्ह द फिल्टर, क्लीन द हाउसिंग अँड रिप्लेस द फिल्टर.' एक जण जुना फिल्टर परत बसवतो, दुसरा नवा काढतो. दोघेही इंग्रजीच्या दृष्टीनं बरोबर. नवा हवा असेल तर 'इन्स्टॉल अ न्यू फिल्टर', जुनाच हवा असेल तर 'पुट द सेम फिल्टर बॅक'.

'वन्स'. 'प्रेस द बटन वन्स द लाइट इज ग्रीन.' बटण एकदाच दाबायचं की दिवा हिरवा झाल्यावर दाबायचं? पहिले चार शब्द वाचेपर्यंत बोट बटणावर गेलेलं असतं. 'वेन' किंवा 'आफ्टर' वापरा आणि 'वन्स' फक्त 'एकदा' या अर्थासाठी राखून ठेवा.

'टिल' आणि 'बाय'. आपण मराठीत दोन्हीकडे 'पर्यंत' म्हणतो, त्यामुळे मराठी माणसाच्या इंग्रजीत हा दोष हमखास सापडतो. 'बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवार सरण्याआधी एकदा काम उरकायचं. 'टिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवारपर्यंत ते चालूच ठेवायचं. 'रन द बॅकअप टिल फ्रायडे' असं लिहिलंत तर बॅकअप रोज घेतला जाईल. घेणाऱ्याचा दोष नाही.

'रिव्हर्ट'. आपल्याकडच्या ईमेलमध्ये याचा अर्थ 'उत्तर द्या'. सॉफ्टवेअरच्या कामात याचा अर्थ 'बदल मागे घ्या'. आता 'टेस्ट द चेंज अँड रिव्हर्ट' हे वाक्य वाचा. तपासून कळवायचं, की तपासून होतं तसं करून ठेवायचं? उत्तर हवं असेल तर 'रिप्लाय', बदल मागे घ्यायचा असेल तर 'अनडू द चेंज'.

'इनफ्लेमेबल'. सुरुवातीचा 'इन' नकाराचा वाटतो, पण अर्थ 'पेट घेणारा' असाच आहे. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं 1920च्या दशकातच याऐवजी 'फ्लेमेबल' वापरा असा आग्रह धरला होता. डब्यावर, फलकावर, कुठेही हा शब्द दिसला की बदला.

'प्रॉपर्ली', 'ॲडिक्वेट', 'ॲज रिक्वायर्ड'. यांत दुहेरी अर्थ नाही, मुळात अर्थच नाही. 'टाइटन प्रॉपर्ली' हे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच कळतं. किती ताकदीनं, किती फेरे, कुठल्या खुणेपर्यंत, ते लिहा. आकडा तुम्हालाच माहीत नसेल तर प्रश्न भाषेचा राहिलेला नाही. शेवटचा भाग पाहा.

कोणी करायचं?

'द टँक शुड बी ड्रेन्ड अँड द लॉग अपडेटेड.' बरं, पण कोणी? कर्ता गायब असला की प्रत्येकाला ते दुसऱ्याचं काम वाटतं.

याहून छुपा दोष वेगळा आहे. सहाव्या पायरीवर लिहिलेलं असतं: 'द व्हॉल्व्ह इज क्लोज्ड.' हे काम आहे की वर्णन? म्हणजे आत्ता व्हॉल्व्ह बंद करायचा, की तो आधीच बंद असणार हे गृहीत धरायचं? अनुभवी माणूस नजर टाकतो आणि उघडा असेल तर बंद करतो. नवा माणूस 'बंद आहे' असं वाचतो आणि पुढे सरकतो. शाळेतल्या प्रयोगवहीत आपण 'वॉटर इज टेकन इन अ बीकर' असं लिहायला शिकलो, त्याचा हा उरलेला भाग. करायचं असेल तर 'क्लोज द व्हॉल्व्ह'. खात्री करायची असेल तर 'मेक शुअर दॅट द व्हॉल्व्ह इज क्लोज्ड'. 'क्लोज' आणि 'क्लोज्ड' यांत एकाच अक्षराचा फरक, पण पायरी एक आहे की नाही हे त्यावर ठरतं.

वाक्यातला क्रम, हातांचा क्रम

सूचना वाचणारा माणूस कादंबरी वाचत नसतो. एक तुकडा वाचतो, हात चालवतो, पुन्हा कागदाकडे बघतो. त्यामुळे 'स्टार्ट द पंप आफ्टर ओपनिंग द इनलेट व्हॉल्व्ह' हे निर्दोष वाक्य धोक्याचं आहे. पंप आधी वाचला, पंप आधी सुरू झाला. दोन पायऱ्या करा: आधी व्हॉल्व्ह, मग पंप. अट असेल तर तीही आधी: 'इफ द लाइट इज रेड, स्टॉप द मशीन.' मराठीत आपण 'दिवा लाल असेल तर मशीन थांबव' असंच बोलतो. इंग्रजीत लिहायला बसलं की उगाच उलटं करतो.

इशारा पायरीच्या वर हवा. 'कॉशन: सरफेस इज हॉट' ही ओळ हात भाजल्यावर वाचण्यात काय अर्थ? इशाऱ्याचे शब्दही मनाला येईल तसे वापरायचे नसतात. अमेरिकेच्या एएनएसआय झेड 535 या मानकात पायऱ्या आहेत: टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच असेल तर 'डेंजर', होऊ शकत असेल तर 'वॉर्निंग', किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकत असेल तर 'कॉशन', माणसाला इजा नाही, फक्त वस्तूचं नुकसान, तर 'नोटिस'. सगळीकडे 'वॉर्निंग' लिहिणाऱ्यानं कुठेच लिहिलेलं नसतं.

लांबीचं माप विमान उद्योगानं ठरवून ठेवलं आहे. 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' या त्यांच्या मानकानुसार, म्हणजे एएसडी-एसटीई 100नुसार, कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त 20 शब्दांचं, वर्णनाचं 25 शब्दांचं, आणि एका वाक्यात एकच कृती; दोन गोष्टी एकाच वेळी करायच्या असतील तेवढाच अपवाद. तुम्ही विमानं दुरुस्त करत नसलात तरी 20 शब्दांची मर्यादा लावून बघा. अर्ध्या 'अँड' आपोआप गळतात.

नकार, 'ओन्ली' आणि स्वल्पविराम

'ऑल व्हॉल्व्ह्ज शुड नॉट बी ओपन.' एकही उघडा नको, की सगळे एकदम उघडे नकोत, दोनतीन चालतील? एकही नको असेल तर 'कीप ऑल व्हॉल्व्ह्ज क्लोज्ड'. जमेल तिथे नकार काढून होकारी वाक्य करा. 'द बोल्ट कॅनॉट बी ओव्हरटाइटन्ड' हाही त्याच जातीचा नमुना: जास्त आवळू नका, की कितीही आवळा, जास्त आवळला जाणारच नाही?

'ओन्ली' ज्या शब्दाला लागतो त्याच्या शेजारी बसवा. 'ओन्ली क्लीन द स्क्रीन विथ वॉटर' यात 'फक्त' कशाला लागला, स्क्रीनला, पाण्याला की पुसण्याला? 'यूज ओन्ली वॉटर टू क्लीन द स्क्रीन' म्हटलं की प्रश्न मिटला.

यादीतला शेवटचा स्वल्पविराम वाचवू नका. अमेरिकेच्या मेन राज्यात ओव्हरटाइममधून वगळलेल्या कामांची यादी कायद्यात होती आणि तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन' असे शब्द होते, मध्ये स्वल्पविराम नव्हता. मालाचं वितरण हे वगळलेलं वेगळं काम, की 'पॅकिंग'चाच भाग? डेअरीचे ड्रायव्हर कोर्टात गेले. 2017मध्ये अपील कोर्टानं कायद्याची भाषा संदिग्ध आहे असं म्हणून ड्रायव्हरांच्या बाजूनं कौल दिला आणि 2018मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. इतकी मोठी यादी तुमच्याकडे नसेल, पण असेल तर सरळ बुलेट्स करा. बुलेटला स्वल्पविराम लागत नाही.

आकडे आणि तारखा

हे चटकन होतं. पूर्णांकापुढे दशांश शून्य नको, कारण 5.0 मधला टिंब पुसट झाला की 50 होतात. पण एकापेक्षा लहान आकड्याआधी शून्य हवंच, म्हणजे 0.5, नुसतं .5 नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं 2004मध्ये काढलेल्या 'वापरू नका' यादीत या दोन्ही सवयी आहेत, आणि 'युनिट'साठी नुसतं 'यू' लिहिणंही आहे, कारण ते शून्य वाटतं. 04/05 ही तारीख काही ठिकाणी 4 मे असते आणि काही ठिकाणी 5 एप्रिल. महिना अक्षरात लिहा, किंवा वर्ष आधी लिहिणारी आयएसओ 8601ची पद्धत धरा. 'बायवीकली'चे शब्दकोशातच दोन अर्थ आहेत, आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा. तो शब्दच सोडा.

एका वस्तूला एकच नाव

इथून पुढचं काम मोठं, कारण एक कागद दुरुस्त करून भागत नाही. दुसऱ्या पायरीवर 'कव्हर', पाचव्यावर 'लिड', आठव्यावर 'पॅनल', आणि वस्तू एकच. निबंधात तोच शब्द पुन्हा वापरू नका असं आपल्याला शिकवलेलं असतं. सूचनांमध्ये तीच सवय घातक. शब्द बदलला की वाचणारा वस्तू बदलली असं समजतो, आणि त्याचं समजणं रास्त आहे. यंत्रावर जे नाव छापलंय तेच कागदावर. विमानवाल्यांचं मानक तर शब्दांचे अर्थही छाटून ठेवतं: तिथे 'क्लोज' म्हणजे बंद करणं, 'जवळ' नाही, 'फॉलो' म्हणजे मागोमाग येणं, सूचना पाळणं नाही. त्यासाठी 'ओबे'.

एवढा काटेकोरपणा कशाला, असं वाटेल त्यांच्यासाठी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमान अपघात. 27 मार्च 1977, धावपट्टीवर धुकं. केएलएम या डच कंपनीच्या विमानातून रेडिओवर शब्द आले, 'वी आर नाऊ ॲट टेकऑफ'. विमान धावायला लागलं होतं. कंट्रोलरनं मात्र ते उड्डाणाच्या जागी तयार उभं आहे असा अर्थ घेतला. त्यानं 'ओके' म्हटलं आणि उड्डाणासाठी थांबा असंही सांगितलं, पण त्याच क्षणी पॅन ॲम या अमेरिकी कंपनीच्या विमानातून दुसरं कोणीतरी बोललं आणि पुढचे शब्द खरखरीत बुडाले. दोन विमानं धडकली, 583 माणसं गेली. कारणं अनेक होती, धुकं होतं, घाई होती. पण त्यानंतर नियम बदलला तो शब्दाचा: 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं.

तुमच्या कामात असे 'टेकऑफ' कोणते, त्याची यादी काढा. 'स्टार्ट', 'डिलीट', 'रिलीज', 'ओपन'. आणि 'ओके' हा शब्द लेखी सूचनेत ठेवूच नका. ऐकलं, कळलं, मान्य आहे, चालू कर, यांपैकी काहीही त्यातून निघतं.

शेवटची आणि महागडी तपासणी

ज्यानं ते काम कधी केलेलं नाही, पण जो ते करायला लायक आहे, अशा माणसाला कागद द्या आणि काम करू द्या. धोका असेल तर यंत्र बंद ठेवून नुसत्या हालचाली. तुम्ही शेजारी उभं राहायचं आणि बोलायचं नाही. हे जमणं फार कठीण. तो अडला की लिहिणाऱ्याच्या तोंडून "नाही, म्हणजे तिथे असं आहे की..." निघतंच, आणि त्या क्षणी तपासणी वाया जाते, कारण भिंतीवरच्या कागदासोबत तुम्ही जाणार नसता. तो कुठे थांबला, कुठली ओळ दोनदा वाचली, कुठे मान वर करून तुमच्याकडे पाहिलं, एवढंच टिपा. "कळलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "आता काय करणार आहेस?" असं विचारा.

दोनतीन जण एकाच जागी अडले तर शब्द बदलत बसू नका. ती पायरी पुसा आणि कामाकडे बघून नव्यानं लिहा.

कुठे हात थांबवायचा

वाक्याचे दोन अर्थ निघतात हे तुम्हाला दिसलं, पण खरा कुठला हे माहीत नाही, तर तिथेच थांबा. बरा वाटणारा अर्थ निवडून वाक्य गुळगुळीत करणं हे सगळ्यात वाईट, कारण आधी निदान शंका तरी येत होती. ज्याची ती प्रक्रिया आहे त्या इंजिनिअरला, डॉक्टरला किंवा प्रशासकाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

औषधाचं प्रमाण, वीज, दाबाखालची उपकरणं, रसायनं, आग, उंचीवरची कामं यांच्या सूचनेतला एकही शब्द सुरक्षा अधिकाऱ्याच्या किंवा त्या विषयातल्या पात्र माणसाच्या सहीशिवाय बदलू नका. स्वल्पविरामसुद्धा नाही. करार, नोकरीच्या अटी, वॉरंटी, शिस्तभंगाची नोटीस हे वकिलाचं काम. तिथला 'शॅल' तुम्हाला जुनाट वाटला तरी त्याला हात लावू नका. उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये दोष दिसला तर आपल्या प्रतीवर परस्पर दुरुस्ती न करता उत्पादकाला कळवा. एकच सूचना अनेक भाषांत जाणार असेल, किंवा नावांची गल्लत शेकडो कागदांत पसरली असेल, तर व्यावसायिक टेक्निकल रायटर आणि अनुवादक नेमायला सांगा. मोकळ्या वेळात एकेक फाइल उघडून ते काम होत नाही, उलट अर्ध्या फाइली नव्या नावांच्या आणि अर्ध्या जुन्या अशी तिसरीच अडचण उभी राहते.

आणि वरच्या सगळ्या तपासण्या होऊन वाक्याला एकच अर्थ उरला, सगळ्यांना तो कळला, आणि तरीही लोक तसं करत नसतील, तर इंग्रजीचा नाद सोडा. बहुतेक वेळा ती पायरीच चुकीची असते, किंवा दिलेल्या वेळात होण्यासारखी नसते. अशा वेळी लोक जे करतात ते नीट लिहून काढा आणि प्रक्रिया ज्याच्या अखत्यारीत येते त्याच्या टेबलावर ठेवा.